मधल्या वर्षांची तब्येत

सोमवारी ओपीडीत तरुण मुलांची संख्या जरा जास्त असते. रविवारी टेस्ट झालेली असते. तक्रारी ठरलेल्या असतात: डोकं दुखतं, छातीत जळजळ होते, चक्कर येते, धडधडतं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. बारावी होऊन वर्ष उलटलेलं, 'नीट'ची दुसऱ्यांदा तयारी चालू. दीड महिन्यापासून डोकं दुखत होतं. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, गावाकडे दोन सलाईन लावून झाल्या होत्या, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची पट्टी खिशात होती. "साहेब, एकदा मेंदूचा फोटो काढून टाका, म्हणजे आमचा जीव भांड्यात पडेल," वडील म्हणाले.

तपासलं. रक्तदाब ठीक, डोळ्यांचा पडदा ठीक, मेंदूच्या आजाराची एकही खूण नाही. वडिलांना रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन खिडकीवर पाठवलं आणि मुलाला विचारलं, "झोप किती होते?"

"चार तास."

"जेवण?"

"रात्री मेसचं. सकाळी चहा."

"रूमवर कोणाशी बोलणं होतं का?"

"बोलायला वेळ कुठंय, सर."

मग एक प्रश्न, जो अशा वेळी विचारायलाच हवा: "जगू नये असं मनात येतं का?" तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि त्यानं मान हलवली.

दीड महिन्यात त्यानं चार जणांना डोकं दाखवलं होतं. डोक्यात काय चाललंय, हे कोणी विचारलं नव्हतं.

कोणाच्याच यादीत नसलेली मुलं

शाळेत असेपर्यंत मुलांच्या तब्येतीवर सरकारी यंत्रणेची थोडीफार नजर असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन शाळेत येतं. डोळे, दात, हृदय तपासतं. तो १८ वर्षांपर्यंत. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचा आपल्याकडचा दवाखाना 'मैत्री क्लिनिक' नावानं ओळखला जातो. तो १९ वर्षांपर्यंत. पुढे नोकरी लागली की मेडिकल होतं, दिवस राहिले की नोंदणी होते, तिशी ओलांडली की आशाताई रक्तदाब आणि साखरेसाठी दारात येतात.

मधली पाच-सहा वर्षं मात्र कोणाच्याच यादीत नसतात. त्यातही बारावी झालेला, कॉलेजात प्रवेश न घेता क्लासला बसलेला 'रिपीटर' तर शाळेचाही नाही आणि कॉलेजचाही नाही. सगळ्यांत जास्त ओझं ज्याच्या डोक्यावर, त्याचं नावच हजेरीपटावर नाही.

हे आपल्या भागाला जास्त लागू पडतं. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांतून 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हेच राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. दोन्ही शहरांचं हे नातं जुनं. आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांतली आणि बाहेरचीही मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. कुणाची आई बरोबर येऊन स्वयंपाक करते, कुणाचा डबा सकाळच्या एसटीनं गावाहून येतो. शिकवण्याची व्यवस्था आपण उभी केली. शिकणाऱ्याच्या तब्येतीची व्यवस्था त्या वेगानं उभी राहिली नाही.

लक्ष लागत नाही, कारण रक्त नाही

मुलींची ठरलेली तक्रार म्हणजे 'अभ्यासात लक्ष लागत नाही'. पालकांना वाटतं मोबाईल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ किंवा ९ निघतं. ते किमान १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी झालं की प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची ताकद घटते. धाप लागते, डोकं जड होतं, चार पानं वाचली की डोळे मिटतात. शाळेतली निळी गोळी कॉलेजात आल्यावर बहुतेकींची सुटते. त्यात मेसचे पैसे वाचवायला एक वेळ जेवायचं, भूक मारायला चहा प्यायचा. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

उपाय महाग नाही. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळसर होतं, त्यानं घाबरू नये. आकडा भरून आल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी काही महिने घ्याव्या लागतात. रोजच्या जेवणात डाळ, हिरवी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे असावेत. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ते लाजून लपवू नये, डॉक्टरांना सांगावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. क्लासमध्ये, वसतिगृहात स्वच्छतागृह धड नसलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्याकडचा एप्रिल-मे महिना कसा असतो हे सांगायला नको. मग लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी. ओपीडीत आम्ही अँटिबायोटिक लिहून देतो, पण खरं औषध स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हेच आहे.

रात्र जागून काय मिळतं?

'कमी झोपतो तो जास्त शिकतो' या समजुतीनं आपल्या मुलांचं फार नुकसान केलंय. दिवसभर वाचलेलं मेंदू कच्च्या वहीसारखं ठेवतो. ते पक्क्या वहीत उतरवण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त येते. दोनला झोपून सहाला उठणारा मुलगा नेमका तोच भाग कापतो. मग वाचलेलं परीक्षेत आठवत नाही, म्हणून तो आणखी जागतो.

चहा-कॉफीतलं कॅफिन साधारण पाच तासांनी निम्मं उरतं. म्हणजे रात्री नऊच्या चहातला निम्मा अंमल दोन वाजताही असतो. या वयाला सात-आठ तास झोप लागतेच. दुपारनंतर चहा बंद, झोपण्याआधी तासभर मोबाईल लांब, उठण्याची वेळ रविवारीही तीच. एवढं दोन आठवडे करून पाहावं. बऱ्याच मुलांची डोकेदुखी यातच कमी होते.

आणि ज्यांची कमी होत नाही?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदवलेले मृत्यू होते २,२४८. याचा अर्थ केवळ निकालाच्या आठवड्यात सावध राहून भागत नाही. नैराश्य वर्षभर कधीही येतं आणि ते बहुतेक वेळा शरीराच्या तक्रारीचा वेश घेऊन येतं. आपल्याकडच्या मुलाला 'मला उदास वाटतंय' म्हणणं जड जातं; 'डोकं दुखतंय' म्हणणं सोपं जातं.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत आवडीच्या गोष्टीतही रस वाटला नाही, असे किती दिवस गेले? उदास, निराश वाटलं, असे किती दिवस गेले? उत्तर निम्म्याहून जास्त दिवस असेल, तर डॉक्टरांना भेटायला हवं. जगण्याविषयी सरळ विचारल्यानं कुणाच्या मनात नवा विचार पेरला जात नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. नैराश्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. या औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, त्यांचं व्यसन लागत नाही, पण ती मनानं बंद करू नयेत.

'कॉलेजला कळलं तर?' ही भीती मोठी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय कॉलेजला देता येत नाही. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद.

खोली आहे, कुलूपही आहे

नियमांची कमतरता नाही. विद्यार्थ्यांच्या शारीरिक-मानसिक स्वास्थ्यासाठी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, मदतीचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावलेले हवेत, मार्कांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. या सूचना कोचिंग क्लासलाही लागू आहेत. म्हणजे रिपीटर पहिल्यांदाच कुणाच्या तरी जबाबदारीत आला.

पण कागद आणि खोली यात अंतर असतं. एका महाविद्यालयात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. 'आरोग्य केंद्र' अशी नवी कोरी पाटी दिसली म्हणून आत डोकावायला गेलो, तर दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे, यावर दहा मिनिटं फोनाफोनी झाली. शेवटी शिपाईमामा हळूच म्हणाले, "सर, ते कमिटी आली की उघडतो."

दोष आमच्याकडेही आहे. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळी असते, त्याच वेळी लेक्चर आणि क्लास. एका दिवसाचा क्लास बुडवून रांगेत उभं राहायला मुलगा तयार नसतो. तो मेडिकलवरून गोळी घेतो. नांदेडला विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही विष्णुपुरीतच. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तज्ज्ञ आहेत, मुलंही आहेत. दोघांची वेळ तेवढी जुळत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते आठ, क्लासच्या परिसरात किंवा वसतिगृहात एक डॉक्टर आणि एक समुपदेशक बसला, तर मोठी इमारत लागणार नाही. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाचं हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब, डोळे आणि वरचे दोन प्रश्न, एवढी तपासणी एका शिबिरात होते.

रेक्टर, मेसच्या मावशी आणि रूम पार्टनर यांनाही दोन गोष्टी शिकवाव्यात: काय दिसलं तर काळजी करायची आणि कुठे पाठवायचं. ताट सलग तीन दिवस अर्धं परत येतंय, हे मावशींना डॉक्टरांच्या आधी कळतं. मुलगा आंघोळ टाळतोय, वस्तू वाटून टाकतोय, 'आता सगळं संपलं' म्हणतोय, हे रूम पार्टनरला कळतं. अशा वेळी त्याला एकटं सोडू नये. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. तातडीचं असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात रात्रीही यावं.

आईवडिलांना एकच विनंती. फोनवर पहिला प्रश्न 'टेस्टमध्ये किती पडले?' हा नसावा. 'काय जेवलास?' हा असू द्या. आणि उत्तरासाठी थोडं थांबा.

तो मुलगा आठवडाभर गावी राहून आला. मानसोपचार विभागात उपचार सुरू झाले, मेंदूचा फोटो काढावा लागला नाही. वडिलांना पटायला वेळ लागला, पण दर पंधरा दिवसांनी ते स्वतः त्याला घेऊन यायचे. मागच्या महिन्यात फॉलोअपला वडील नव्हते. त्याच्याच वयाचा एक मुलगा बरोबर होता, दाराशी घुटमळत उभा. "सर, हा माझा रूम पार्टनर," तो म्हणाला. "याचं पण डोकं दुखतंय."