‘स्वारगेट’च्या पाटीत लपलेले इंग्रजी शब्द



आधी माझ्याच वर्गातला एक प्रसंग सांगते. दुसरीच्या मुलांना ‘वॉटर’ लिहायला सांगितलं होतं. एका मुलीनं लिहिलं : डब्ल्यू-टी-आर. मी लाल पेनानं फुली मारली. दुसऱ्या दिवशी ‘गेट’ सांगितलं, तिनं लिहिलं : जी-टी. पुन्हा फुली. आठवड्यानंतर वही चाळताना लक्षात आलं की तिच्या सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. व्यंजनं बरोबर, स्वर मात्र गायब!

असं का होतं बघा. मराठीत ‘कमळ’ लिहिताना ‘अ’ वेगळा लिहावा लागत नाही, तो क, म, ळ यांच्या पोटातच असतो. बाकीचे स्वर काना, मात्रा, वेलांटी होऊन व्यंजनाला चिकटतात. इंग्रजीत मात्र स्वराला स्वतःचं वेगळं घर लागतं. ‘वॉटर’ मराठीत तीन अक्षरांचा, इंग्रजीत पाच : डब्ल्यू-ए-टी-ई-आर. म्हणजे ती मुलगी मराठीच्या नियमानं इंग्रजी लिहीत होती. तिला ‘कच्ची’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण चुकीचं होतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. त्यामुळे आपली मुलं दोन्ही लिप्या एकदमच शिकतात. स्पेलिंग दहा वेळा लिहायला लावून हा फरक कळत नाही. तो हाताळायला द्यावा लागतो. त्यासाठी हा अक्षरांतून शब्द शोधण्याचा खेळ.

साहित्य : जुन्या लग्नपत्रिका आणि स्केचपेन.

पुण्यातल्या मुलांच्या ओळखीचं नाव घ्या, ‘स्वारगेट’. बसच्या पाटीवर, मेट्रो स्टेशनवर ते इंग्रजीत लिहिलेलं असतंच. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आठ कार्डं करा : एस, डब्ल्यू, ए, आर, जी, ए, टी, ई. ‘ए’ दोनदा आहे, बाकी सगळी अक्षरं एकेकदा. आता एवढ्याच कार्डांतून शब्द शोधायचे.

मुलं सुरुवातीला कार्डं नुसती इकडेतिकडे हलवत बसतात. त्यांना ही रीत द्या :

१) स्वर बाजूला काढा. इथे ए, ए, ई. प्रत्येक शब्दात यांपैकी एक तरी ठेवायचाच. (‘स्काय’, ‘ड्राय’ अशा शब्दांत ‘वाय’ स्वराचं काम करतो, ते पुढच्या वेळी सांगा.)

२) मधे स्वर ठेवून दोन्ही बाजूंना व्यंजनं लावा. रॅट, वेट, गेट (जी-ई-टी), सेट, वॉर मिळतात.

३) तीच कार्डं फिरवा. आर-ए-टी रॅट, टी-ए-आर टार, ए-आर-टी आर्ट. टी-ई-ए म्हणजे चहा, ई-ए-टी म्हणजे खाणे. कार्डं तीच, पण जागा बदलली की शब्द बदलतो, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं.

४) मिळालेला शब्द एका अक्षरानं वाढवा. ईट, मग सीट (एस-ई-ए-टी). टार, मग स्टार. शेवटी ‘वॉटर’ आणि ‘ग्रेट’पर्यंत मुलं पोचतात.

५) मोजून खात्री करा. ‘ट्री’ चालेल का? नाही, दोन ‘ई’ लागतात. ‘ग्रास’? नाही, दोन ‘एस’ लागतात. इथे मुलं आपसात भांडतात. भांडू द्या, कारण भांडताना ती स्पेलिंग पुनःपुन्हा मोजत असतात.

घरी कायमचा संच करायचा असेल तर स्वर जास्त ठेवा. स्क्रॅबल या खेळात १०० चकत्या असतात, त्यांत ४२ स्वरांच्या. एकट्या ‘ई’च्या १२ आणि ‘क्यू’ची फक्त एक! इंग्रजीत कोणतं अक्षर किती लागतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

प्रश्नाचे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिकवा. ‘याच अक्षरांतून शब्द बनवा’ म्हणजे बाहेरचं अक्षर घ्यायचं नाही. ‘ही अक्षरं असलेला शब्द सांगा’ म्हणजे बाहेरची अक्षरं चालतील. ‘ही अक्षरं शेजारी-शेजारी असलेला शब्द सांगा’ म्हणजे क्रमही तोच हवा. उदाहरणार्थ, ‘ई-ए’ जोडीनं असलेले शब्द : टी (चहा), वेअर, ग्रेट. जोडी एकच, उच्चार मात्र वेगवेगळे! म्हणून तिसऱ्या प्रकारात कानावर विसंबू नका, डोळ्यांनी शोधा. शब्द येत असूनही बरीच मुलं चुकतात, कारण प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हेच ती पाहत नाहीत.

पालकांना एक विनंती. मोबाइलवर अक्षरं टाकली की क्षणात शब्दांची लांबलचक यादी येते. ती आधी दाखवू नका. मुलाचं शोधून झाल्यावर दोघांनी मिळून बघा आणि त्यातले दोनच नवीन शब्द निवडा. त्यांचा अर्थ शब्दकोशात पाहा, एकेक वाक्य करा. अर्थ माहीत नसलेले चाळीस शब्द उतरवून हाती काहीच लागत नाही.

आणि ती मुलगी? खेळाच्या तिसऱ्या दिवशी ती कार्डं घेऊन टेबलापाशी आली. “बाई, एरिया होतो का? आमच्या एरियात म्हणतात तो?” मांडलं होतं ए-आर-ई-ए. चार कार्डं, त्यांतले तीन स्वर. तिनं दोन्ही ‘ए’ वापरले होते आणि शब्दही तिच्या रोजच्या बोलण्यातला होता.

तिच्या जुन्या फुल्यांशेजारी मी काय लिहिलं असेल, ते तुम्ही ओळखाच. आपापल्या गावाच्या, चौकाच्या पाटीवर हा खेळ नक्की करून पाहा.