केदारेश्वराचा फोटो आणि एडिटिंगचे सात गैरसमज

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई-परळी परिसरातल्या धर्मापुरीला चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आहे. त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी (अप्सरांची शिल्पे) टिपायला हौशी छायाचित्रकार येतात आणि मूर्तींचे अभ्यासकही. फोटोच्या दृष्टीने जागा अवघड: भिंतीवर मराठवाड्याचे रखरखीत ऊन, कोरीवकामाच्या खाचांत गडद सावली आणि आत अंधार. घरी आल्यावर फोटो सुधारायला बसले की ऐकीव समजुती आडव्या येतात. त्या तपासताना एक गोष्ट धरून ठेवावी: फाइलमध्ये जे नोंदले गेले आहे तेच सॉफ्टवेअर नीट दाखवू शकते.

गैरसमज 1: कॅमेऱ्यातून आला तोच खरा फोटो, एडिटिंग म्हणजे बनवाबनवी.
वस्तुस्थिती: जेपीईजी फोटो कॅमेऱ्यातच एडिट झालेला असतो. रंगांचा समतोल, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग हे सगळे कॅमेरा ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये ती शिल्लक राहते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. म्हणूनच सावलीतली मूर्ती रॉमधून स्वच्छ उजळते, जेपीईजीत तिथे ठिपके आणि पट्टे उठतात.

गैरसमज 2: उन्हाने पांढरा पडलेला भाग नंतर गडद करता येतो.
वस्तुस्थिती: तिन्ही रंगांचा आकडा 255 ला टेकला की तिथे पांढऱ्याशिवाय काहीच नोंदलेले नसते. गडद केले तर तपशील येत नाही, नुसता राखाडी डाग येतो. रॉमध्ये थोडा वाव असतो, पण तोही मर्यादित. त्यामुळे कडक उन्हात फोटो किंचित गडद काढावा आणि सावल्या नंतर वर आणाव्यात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल+एल दाबून लेव्हल्स उघडा आणि ऑल्ट धरून उजवीकडचा स्लायडर सरकवा. तपशील कुठे संपतो ते पडद्यावर लगेच उमटते.

गैरसमज 3: शार्पनेस वाढवला की हललेला फोटो स्पष्ट होतो.
वस्तुस्थिती: शार्पनिंग फक्त कडांजवळचा उजेड-अंधाराचा फरक वाढवते. अति केले की मूर्तीभोवती पांढरी रेघ दिसू लागते. शार्पनिंग करताना फोटो कंट्रोल+1 ने शंभर टक्क्यांवर पाहा. उथळ कोरीवकाम उठून दिसायला सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कोणत्याही स्लायडरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गैरसमज 4: छपाईसाठी फोटो 300 डीपीआयचाच हवा.
वस्तुस्थिती: फाइलमधला हा आकडा एका इंचात किती पिक्सेल छापायचे एवढेच सांगतो. 6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो 300 ने छापला तर साधारण 20 बाय 13 इंच होतो. तिथे 72 लिहिले तरी पिक्सेल 2 कोटी 40 लाखच राहतात. आकडा बदलताना कंट्रोल+ऑल्ट+आयच्या चौकटीत ‘रीसॅम्पल’ची खूण काढा, म्हणजे पिक्सेलना धक्का लागणार नाही. पुस्तकाच्या पानाला 300 योग्य, पण चौकातला फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला त्याहून बरेच कमी पुरते.

गैरसमज 5: जेपीईजी वारंवार उघडला किंवा कॉपी केला की दर्जा घसरतो.
वस्तुस्थिती: उघडल्याने किंवा कॉपी केल्याने काही बिघडत नाही. बदल करून पुन्हा जेपीईजीतच सेव्ह केले की दर वेळी नवे कॉम्प्रेशन होते आणि थोडी माहिती जाते. काम फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये ठेवा, जेपीईजी शेवटी एकदाच काढा. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो. मूळ फाइल द्यायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

गैरसमज 6: चुकले तर कंट्रोल+झेड आहेच.
वस्तुस्थिती: फाइल बंद झाली की मागे जाण्याच्या पायऱ्या पुसल्या जातात. जुन्या फोटोशॉपमध्ये तर कंट्रोल+झेड एकच पायरी मागे-पुढे करते, आणखी मागे जायला कंट्रोल+ऑल्ट+झेड लागते. खरी सुरक्षितता लेयरमध्ये आहे. कंट्रोल+जेने प्रत काढा, उजेडासाठी अॅडजस्टमेंट लेयर घ्या, नको तिथला परिणाम मास्कवर काळ्या ब्रशने झाका. शेकडो शॉर्टकट पाठ करायची गरज नाही: चौकटी कंसाच्या कळांनी ब्रश लहान-मोठा होतो, एक्सने काळ्या-पांढऱ्या रंगांची अदलाबदल होते, स्पेसबार धरून फोटो सरकवता येतो. मास्कच्या कामाला एवढे पुरे.

गैरसमज 7: महागडे सॉफ्टवेअर नसेल तर हे जमत नाही.
वस्तुस्थिती: बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलेला गिंप मोफत आहे. लेयर, मास्क, कर्व्ह्ज सगळे त्यात आहे. रॉसाठी डार्कटेबलही मोफत मिळते. गिंप वापरणारे एका ठिकाणी हमखास अडखळतात: कंट्रोल+एसने त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, जेपीईजीसाठी कंट्रोल+शिफ्ट+ई दाबावे लागते.

आता एआयची साधने झिजलेल्या मूर्तीला नाक-डोळे बसवून देतात. ते नाक दगडातले नसते, इतर असंख्य चित्रांवरून केलेला तो अंदाज असतो. भिंतीवर टांगायच्या चित्राला ते चालेल. पण मंदिराची नोंद म्हणून फोटो ठेवायचा असेल तर मूळ फाइलला हात लावू नका, उजेड-रंगाची दुरुस्ती वेगळ्या लेयरवर ठेवा, आणि एआयने काही भरले असेल तर फोटोखाली तसे स्पष्ट लिहा.