सेनासन आणि पदपथ : मुंबईतील बेघरांच्या निवाऱ्याचा विचार

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सहाव्या खंधकाला 'सेनासनक्खंधक' असे नाव आहे. सेनासन म्हणजे शयन आणि आसन, निजण्याची व बसण्याची जागा. या खंधकाचा आरंभ राजगृहातील वेळुवनात होतो. भिक्खूंच्या निवासाविषयी तोपर्यंत काहीच नियम घालून दिलेला नव्हता. ते झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, उघड्यावर किंवा पेंढ्याच्या गंजीत रात्र काढीत आणि पहाटे तेथून बाहेर पडत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांना असे बाहेर पडताना पाहिले व विचारले, मी विहार बांधले तर आपण त्यांत राहाल काय? भिक्खूंनी ही गोष्ट तथागतांच्या कानी घातली. तथागतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली आणि त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे विनयात सांगितले आहे.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बेघरांचा विषय निघाला की आपल्यापैकीच काही सुशिक्षित बंधू म्हणतात, "भगवान बुद्धही अनागारिकच होते." हे बोलणे ऐकावयास बरे वाटते, परंतु त्यात फसगत आहे. अनागारिक घर सोडतो. बेघराला सोडण्यासाठी घरच नसते. आणि ज्यांनी स्वेच्छेने घर सोडले त्यांच्यासाठीसुद्धा तथागतांनी दार, कडी, किल्ली, खिडकी, खाट आणि उशी यांचा विचार केला. किल्ली धातूची असावी, लाकडाची असावी की शिंगाची, हेही या खंधकात आले आहे. थंडी, ऊन, पाऊस, डास, साप व श्वापदे यांपासून शरीराचे रक्षण झाल्याशिवाय चित्त स्थिर होत नाही, ही त्यामागील दृष्टी होय. महावग्गातील वर्षावासाचा नियम तर अधिक स्पष्ट आहे. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर, छत्रीखाली किंवा रांजणात राहून वर्षावास करू नये. ज्याला निवास नाही त्याने वर्षावासास आरंभ करू नये.

हा नियम वाचताना आम्हांस १९८१ चा जुलै महिना आठवतो. त्या भर पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली आणि कारवाई सुरू झाली. त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला की, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचाही हक्क अंतर्भूत आहे. माणूस पदपथावर राहतो कारण त्याचे काम तेथून जवळ असते. त्याला तेथून उचलणे म्हणजे त्याची भाकरी काढून घेणे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्याच निकालाने, रीतसर सूचना देऊन व पावसाळा उलटल्यावर, म्हणजे ३१ ऑक्टोबरनंतर, पदपथ मोकळे करण्यास मुभाही दिली. तत्त्व जिंकले आणि माणसे हरली, असे या निकालाविषयी म्हणावे लागते.

पदपथावर राहणारी ही माणसे कोण आहेत? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील बेघरांची संख्या सुमारे ५७ हजार नोंदली गेली. ही गणना एका रात्रीत केली जाते. रात्रपाळीचा हमाल, पुलाखालून नुकतेच हुसकावलेले कुटुंब, पोलिसांच्या भीतीने अंधारात सरकलेली स्त्री यांची त्यात नोंद होण्याचा संभव थोडा. म्हणून खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे आम्ही मानतो. यांत नाक्यावरचे बिगारी आहेत, बाजारातील हमाल आहेत, लग्नसमारंभात वाढपी म्हणून जाणारे आहेत, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया आहेत. फासेपारधी कुटुंबे आहेत, ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय मात्र रद्द झाला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून व सोलापूरकडून आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढीही येथे आहे. परळच्या रुग्णालयांबाहेर कर्करोगाच्या रुग्णाची पथारी सांभाळीत बसलेले नातेवाईक आहेत. त्यांच्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी सोय आहे, पण ती पुरेल कशी? थोडक्यात, ही निरुद्योगी माणसे नव्हेत. हे शहर ज्यांच्या श्रमावर पहाटे जागे होते, तेच येथे रात्री उघड्यावर निजतात.

जागेच्या अभावाने माणसावर काय गुदरते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. १९१७ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. अस्पृश्याला हिंदू खाणावळीत थारा नव्हता, म्हणून ते पारशी नाव धारण करून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मित्रांच्या घरी विचारून पाहिले. तेथेही आसरा मिळाला नाही. शेवटी सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागली. पदवी होती, नोकरी होती, वेतन होते. नव्हते ते केवळ छप्पर. पुढे मुंबईत बाबासाहेब परळच्या पोयबावडी येथील इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. ही चाळ सार्वजनिक संस्थेने बांधलेली व भाड्याने दिलेली होती, हे विसरू नये. आमच्या सूचनेचा पाया तेथेच आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली, सामाईक संडास. त्यांची स्तुती करण्याचे कारण नाही. परंतु श्रमिकाला कामाजवळ परवडणाऱ्या भाड्याची खोली देणे हे शासनाचे काम आहे, एवढे परकीय सत्तेलाही मान्य करावे लागले होते. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग हळूहळू सुटला. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने मोकळ्या जागेवरील घरे बाजारात विकावी व त्या नफ्यातून झोपडीवासीयांना विनामूल्य घरे द्यावी, अशी रचना आली. तिच्यात पात्रतेसाठी ठरावीक तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याची झोपडीच नाही, ज्याची पथारी दर आठवड्याला महापालिकेच्या गाडीत जाते, त्याने पुरावा कशाचा द्यावा? जो अधिक निराधार, तो अधिक अपात्र, असा हा उलटा न्याय आहे.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात या प्रकारच्या धोरणाचे मार्मिक चित्र आहे. राजा दरिद्री लोकांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते व चोरी सुरू होते. चोर पकडून आणला की राजा त्याला धन देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. मग राजा कठोर होऊन शिरच्छेद करवितो, तेव्हा लोक शस्त्रे घेतात आणि हिंसा वाढत जाते. बेघरांना छप्पर दिले तर आणखी लोंढे येतील, असे म्हणणारे या सुत्ताचा मधलाच भाग आपल्या बाजूने वाचू शकतील. परंतु राजाची चूक धन देण्यात नव्हती. आधी न देता मागाहून देण्यात होती. झोपडीवासीयांना चोर ठरविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आधी काहीही न बांधणे, मग तारखा पुढे ढकलून नियमित करणे आणि अधूनमधून बुलडोझर पाठविणे, हा त्या राजाचाच क्रम आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला याउलट सल्ला देतो : शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या.

मग प्रथम काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बाराही महिने व चोवीस तास उघडे राहील असे निवारागृह हवे, असे निर्देश दिले. २०१३ मधील केंद्रीय योजनेने माणशी ५० चौरस फूट जागेचे प्रमाण घातले. २०११ ची मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात धरली तर सव्वाशे निवारागृहे हवीत. मुंबई त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. जागा नाही, हे उत्तर नेहमीच मिळते. ते आपण तपासून पाहू. ५७ हजार माणसांना प्रत्येकी ५० चौरस फूट म्हणजे सुमारे २९ लाख चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ६६ एकर चटई क्षेत्र होते. दादरचे शिवाजी पार्क मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. तेवढ्या भूभागावर तीन मजले चढविले तर नोंदलेले सर्व बेघर त्यात मावतात. खरी संख्या दुप्पट मानली तर पाच मजले लागतात. जिने व संडास यांसाठी आणखी काही धरावे. कोणी मैदानावर इमारत बांधा असे म्हणत नाही; हे केवळ माप आहे. महापालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता, हेही त्याच मापात धरावे.

शिवाजी पार्कचे नाव आम्ही सहज घेतलेले नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि महापालिका त्या मैदानावर मंडप घालते, नळ बसविते, फिरते संडास उभे करते, आरोग्यपथके ठेवते. आपल्या गावाकडच्या माणसांनी तेथे रात्री काढल्या आहेत. जे प्रशासन काही दिवसांसाठी लाखोंची सोय करू शकते, त्याला वर्षभर काही हजारांची सोय करता येत नाही, हे आम्हांस पटत नाही.

निवारागृह कोठे असावे, याला सर्वाधिक महत्त्व आहे. पहाटे बाजारात माल उतरविणाऱ्याला मानखुर्दचा निवारा उपयोगाचा नाही. पहिली गाडी सुटण्यापूर्वीच त्याचे काम सुरू झालेले असते. म्हणून बाजार, स्थानके व रुग्णालये यांच्या चालण्याच्या अंतरात लहान लहान गृहे हवीत, एका टोकाला प्रचंड वसतिगृह नको. कुटुंबे एकत्र राहू शकली पाहिजेत. नवरा एका गृहात व बायको-मुले दुसऱ्यात, अशी वाटणी झाली की लोक पुन्हा पदपथावर येतात. गाठोडे ठेवण्यास कुलपाची पेटी हवी. आणि निवारागृह म्हणजे भिक्षेकऱ्यांना पकडण्याचा सापळा असू नये. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील प्रमुख तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. महाराष्ट्रानेही त्या निकालापासून बोध घ्यावयास हवा होता.

गृह कोण चालविणार? विनयात यासाठी 'सेनासनपञ्ञापक' नेमला जातो. दब्ब मल्लपुत्त हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. रात्री उशिरा आलेल्या भिक्खूलाही ते ही खाट, ही उशी, येथे शौचाची जागा, येथे पिण्याचे पाणी, आत येण्याची वेळ ही, बाहेर पडण्याची ती, असे सर्व दाखवीत. आणि एका वृत्तीच्या भिक्खूंना शेजारी शेजारी जागा देत. आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा मनुष्यच या कामाला योग्य, अशी अट आहे. (दब्बांवर खोटा आळ आला तोही वाईट खोल्या मिळाल्या म्हणून रुसलेल्यांकडून. जागावाटप करणाऱ्याचे भाग्य तेव्हाही असेच होते!) प्रत्येक गृहात असा वेतन मिळणारा, उत्तरदायी माणूस हवा, आणि देखरेखीच्या समितीत तेथे राहणाऱ्यांपैकी निम्मे हवेत.

परंतु निवारागृह हे वर्षावासासारखे आहे. ते कायमचे घर नव्हे. त्यापुढची पायरी म्हणजे महापालिकेच्या मालकीच्या, विकता न येणाऱ्या भाड्याच्या खोल्या. येथेही सेनासनक्खंधकातील एक नियम विचारात घेण्यासारखा आहे. आराम व त्याची जमीन, विहार व त्याची जमीन, खाट-आसने इत्यादी पाच वर्गांतील संघाच्या वस्तू 'अविस्सज्जिय', म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येणाऱ्या आहेत. संघानेही त्या देऊ नयेत. दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. राजगृहाच्या श्रेष्ठीने साठ विहार दिले तेही आलेल्या व पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला, कोणा एका व्यक्तीला नव्हे. मुंबईच्या सार्वजनिक जमिनीचा अनुभव नेमका उलट आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला व एक म्हाडाला मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली, आणि सार्वजनिक वाटा आक्रसून गेला. म्हणून आमची मागणी आहे की, महापालिकेने प्रत्येक विभागात काही भूखंड कायद्याने अविक्रेय म्हणून राखावेत, त्यांवर खोल्या बांधाव्यात, भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात घ्यावे, आणि भाडेकरू सोडून गेल्यावर खोली पुन्हा प्रतीक्षा-यादीतील पुढच्याकडे जावी. मालकी न देणे हा अन्याय आहे, असा आक्षेप येईल. ज्यांना पुनर्वसनात मालकीचे घर मिळण्याचा हक्क आहे त्यांचा तो हक्क अबाधित राहावा. येथे बोलणे चालले आहे ते ज्यांना कोणत्याच यादीत स्थान नाही त्यांच्याविषयी.

आणि आपण? मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत आपली बुद्धविहारे आहेत. बहुतेकांच्या दाराला वंदनेनंतर रात्री कुलूप लागते आणि बाहेरच्या पायरीवर कोणी निजू नये म्हणून काही ठिकाणी लोखंडी जाळी बसविलेली आम्ही पाहिली आहे. आमच्या संस्थेच्या पायरीवरही अशी जाळी होती. ती काढण्यास आम्हांला दोन वर्षे व तीन सभा लागल्या, हे संकोचाने नमूद करतो. विहार समित्यांनी शासनाची जागा घ्यावी असे नव्हे. जून ते सप्टेंबर, पावसाळ्याच्या काळात, सभागृह रात्री दहा ते सकाळी सहा शेजारच्या बेघर स्त्रिया व मुले यांच्यासाठी उघडे ठेवणे, दोन कार्यकर्त्यांची पाळी लावणे व संडासाची किल्ली देणे, एवढे बहुतेक समित्यांना शक्य आहे.

दुसरे काम कागदाचे आहे. बेघर व्यक्तीलाही मतदार म्हणून नाव नोंदविता येते. नमुना ६ मध्ये तिने जी जागा लिहिली असेल तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथे निजते काय, याची खात्री करावी, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. घराच्या पुराव्याचा कागद त्यासाठी लागत नाही. ही गोष्ट पदपथावरील फारच थोड्यांना ठाऊक असते. विहाराच्या कार्यकर्त्यांनी आपल्या विभागातील अशा माणसांचे अर्ज भरून द्यावेत आणि अधिकारी येईल त्या रात्री तेथे हजर राहावे. पुढील अंकापासून, जी विहारे हे काम हाती घेतील त्यांची नावे व भरलेल्या अर्जांची संख्या आम्ही या पृष्ठांवर छापू.