बाळाच्या स्लाइडवर तपकिरी धागा नाही

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत प्रेशर कुकरची शिट्टी होते. कुकरमध्ये काचपट्ट्या आहेत. मेणातून कापलेल्या पातळ छेदांवर रंगाचं रसायन नीट धरावं, म्हणून त्यांना आधी असं उकळून काढतात. फॉर्मवर पत्ता लिहिलाय: मोहनखेडा, जिल्हा धार. राजेंद्रसूरींच्या समाधीचं हे जैन तीर्थ. तिथल्या एका घरातलं अकरा दिवसांचं बाळ वरच्या वॉर्डात आहे. जन्मल्यावर दोन दिवस शी नाही, पोट तट्ट फुगलेलं, उलटी हिरवी.

शंका हिर्शस्प्रंगच्या आजाराची आहे. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रंग यांनी 1886 मध्ये बर्लिनला त्याचं वर्णन केलं. गर्भात आतड्याच्या चेतापेशी वरून खाली सरकत गुदाशयापर्यंत येतात. त्या मध्येच थांबल्या, तर खालचा भाग आवळलेलाच राहतो आणि मल पुढे सरकत नाही. सुमारे 5000 बाळांत एकाला हे होतं, मुलग्यांना जास्त.

बाळाच्या गुदाशयातून तपासणीसाठी घेतलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम आधी नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगातले छेद बघतात. एक पट्टी, दुसरी, मग पुढची. गँगलियन पेशी, म्हणजे तीच चेतापेशी, दिसत नाही, चेतांचे जाड गठ्ठे मात्र दिसतात. तरी त्या रिपोर्ट लिहीत नाहीत. "नवजात बाळात ही पेशी लहान असते, कच्ची असते, चटकन ओळखू येत नाही. आणि तुकडा गुदद्वाराच्या फार जवळून घेतला असेल, तर निरोगी बाळातही ती सापडायची नाही."

म्हणून कॅलरेटिनिन, म्हणजे चेतापेशी-धाग्यांतलं या नावाचं प्रथिन तपकिरी रंगवून दाखवणारी तपासणी. टेक्निशियन भाऊ पट्ट्या धुतात, प्रतिपिंड घालतात, थांबतात, पुन्हा धुतात. शेवटी तपकिरी रंग आणणारं द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. शेजारी निरोगी आतड्याची पट्टी, तिच्यावरही तेच सगळं. या पट्टीवाचून निदानाला अर्थ नाही. इथे आजार म्हणजे रंगाचा अभाव, आणि रसायन बिघडलं तरी दिसणार तेच!

मॅडम मला भिंगातून बघायला बोलावतात. निरोगी पट्टीत ग्रंथींच्या मधून बारीक तपकिरी धागे पसरलेत. बाळाच्या पट्टीत नुसता निळा रंग. मॅडम पट्टी जराशी सरकवतात. कडेला एकच गोल पेशी, गडद तपकिरी. "ही चेतापेशी नव्हे, मास्ट पेशी. ती रंगली, म्हणजे रसायन पोचलंय. धागे खरोखरच नाहीत." मी पुन्हा बघतो. नाहीतच.

याआधीची भरवशाची तपासणी ॲसिटिलकोलिनेस्टरेजची. 1970च्या दशकात ती रूढ झाली. तिच्यात उलट चित्र: आजारी आतड्यात तपकिरी तंतू वाढलेले दिसतात. तपासणी उत्तम, पण तिला ताजा, गोठवलेला तुकडा लागतो. धारपलीकडच्या गावातून तो तसा आणणार कोण? कॅलरेटिनिनला फॉर्मलिनमधला, मेणात बसवलेला तुकडाही चालतो. माळव्यासारख्या मुलखात मला याचं मोल फार मोठं वाटतं.

मॅडम वॉर्डात फोन लावतात. सर्जन जिन्यापाशी येऊन बाळाच्या आजींशी बोलतात. आजी जुन्या धारच्या, मराठी अजून घरातलीच. "डॉक्टरसाहेब, पेशीच नाहीत, तर बाळ जगंल ना?"

"जगेल, आजी. तेवढा भाग काढायचा आणि वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडायचं." जोडण्याआधी आतड्यात पेशी आहेत ना, हे ऑपरेशन चालू असतानाच पुन्हा तुकडा गोठवून बघतील.

आजी सांगतात की गावात आधी एरंडेल दिलं होतं, मग गुटी.

वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बहुतेक निरोगी बाळांना पहिली काळी शी 24 तासांत होते. 48 तास उलटूनही झाली नाही, किंवा पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर घरगुती औषध देऊ नका. बाळाला तडक बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या.