दोन पडदे : एक कामाचा, एक लोकांचा

धर्मग्रामाच्या कचेरीत संगणकाला दोन पडदे जोडलेले पाहून एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, वाचणारा एक, मग पडदे दोन कशाला?" प्रश्न साधा, परंतु त्याचे खरे उत्तर आम्ही पुढे मोठी किंमत देऊन शिकलो.

रोजच्या कामात दुसरा पडदा म्हणजे मेजाला जोडलेली आणखी एक फळीच होय. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीचे छायाचित्र डावीकडे ठेवावे व उजवीकडे नवी नोंद करावी. दोन्ही एकाच वेळी दिसल्याने नावागावाची चूक चटकन ध्यानी येते. तेथे दोन्ही पडदे आपलेच असतात.

सभेपुढे बोलताना मात्र दुसरा पडदा आपला राहत नाही, तो लोकांचा होतो. हे न ओळखता आम्ही एकदा पालकांच्या सभेत चित्रे दाखवावयास उभे राहिलो. संगणकावर जे दिसे तेच भिंतीवर दिसत होते. चित्रे शोधता शोधता भलतीच यादी उघडली गेली. ती होती गरजू कुटुंबांना दिलेल्या मदतीची! क्षणभरच ती दिसली, पण तेवढ्यात नावे वाचली गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरांची क्षमा मागावयास गेलो. एक माउली म्हणाली, "फादर, मदत घेतल्याची लाज नाही, पण ते सांगायचे की नाही, हे आम्ही ठरवायचे होते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यास्तव मंदिरात व सभागृहात संगणक हाताळणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे आहे. विंडोजची कळ व 'पी' एकत्र दाबली असता चार पर्याय येतात. त्यांपैकी पडद्याची नक्कल करणारा नव्हे, तर विस्तार करणारा पर्याय निवडावा. मग पॉवरपॉइंटमध्ये वक्त्यासाठी असलेले दृश्य वापरता येते. त्यात टिपणे, पुढचे चित्र व घड्याळ आपल्यापुढे राहते आणि लोकांना केवळ चालू चित्र दिसते. तरीही खासगी कागद आधीच मिटावेत व येणारे निरोप बंद ठेवावेत. कारण हाताच्या एका चुकीने कोणतीही चौकट भिंतीवर सरकू शकते.

दान गुप्तपणे द्यावे, ही प्रभूची शिकवण आम्ही व्यासपीठावरून कितीदा तरी सांगितली आहे. ती संगणकापुढे बसतानाही पाळावयाची असते, हे त्या माउलीने आम्हांस शिकविले.