कामठ्याची गोष्ट – 7 : नवतपा

टिलरिंग, म्हणजे पट्टीचा बाक दोन्ही बाजूंनी सारखा करणे, आज नाही, पुढच्या आठवड्यात. अमरावतीहून एका वाचक ताईंचे पत्र आले आहे आणि त्यांचा प्रश्न टिलरिंगच्या आधीच सुटायला हवा. त्यांचे दोन कामठे, म्हणजे बांबूची धनुष्ये, लागोपाठ मोडले. बांबू भरीव मानवेल, तोडून सव्वा वर्ष झालेले, पाठीची साल राखलेली, गाठी न तासलेल्या. म्हणजे आतापर्यंत सांगितलेले सगळे पथ्य पाळलेले. थंडीत दोन्ही कामठे मजेत चालले. एप्रिलमध्ये भर दुपारी गच्चीवर दोरी चढवली, अर्धा ताण दिला आणि खाडकन तुकडे. दुसऱ्याचेही तेच. ‘सव्वा वर्ष वाळलेला बांबू आणखी किती वाळवायचा?’ असे त्या विचारतात.

ताई, तो कच्चा नव्हता. तो जास्त वाळला होता.

लाकूड काय, बांबू काय, एकदा वाळला की वाळला, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. हवा दमट झाली की तो पाणी घेतो, कोरडी झाली की सोडतो, आणि हा व्यवहार तो कामठा असेपर्यंत चालू राहतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी टिकते. धनुष्याला हवे तेही एवढेच, 8 ते 10 टक्के. नागपूर-अमरावतीकडे मेच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली येते. अशा हवेत उघड्यावर पडून राहिलेल्या पट्टीत 4 टक्क्यांच्या आसपास पाणी उरते. ऑगस्टमध्ये झड लागली की तीच पट्टी 15-16 टक्क्यांपर्यंत चढते. एकच कामठा, पण मे आणि ऑगस्टमध्ये तो दोन वेगळ्या पदार्थांचा असतो म्हणा ना.

पाणी कमी झाले की तंतू ताठ होतात. ओढायला कामठा जड लागतो, तीर सपाट आणि जोरात जातो. नवशिक्याला वाटते, आता कुठे माझा कामठा पिकला! पण ताठ झालेला तंतू फार ताणला जात नाही. पाठीवरच्या सालीला प्रत्येक ओढीत लांब व्हावे लागते. 9 टक्क्यांवर ती जेवढी लांब होऊ शकते तेवढी 4 टक्क्यांवर होत नाही. तडा पाठीवर पडतो आणि आवाज होईपर्यंत कळत नाही. पाणी जास्त असेल तर उलटे. मोडत नाही, पण दोरी उतरवल्यावरही वाकलेलाच राहतो, आणि पोटाकडचे दबलेले तंतू नंतर कितीही वाळवले तरी पहिल्यासारखे होत नाहीत.

या विषयावरची बहुतेक पुस्तके इंग्लंड-अमेरिकेतली. मला ती प्रिय आहेत, पण त्यांची हवा आपली नव्हे. तिकडच्या दमट गावातल्या माणसाला पट्टी वाळवायला पेटीत बल्ब लावून ऊब द्यावी लागते, म्हणून पानेच्या पाने वाळवण्यावरच खर्ची पडतात. तो सल्ला वाचून नागपूरकराने पापड-कुरडयांसारखा बांबू गच्चीवर घातला तर काय होणार? 23 मे 2013 ला इथे नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, आपली गच्ची हीच भट्टी असते.

मग उन्हाळ्यात कामठा ठेवायचा कुठे? कूलरच्या खोलीत. रामदासपेठेत फ्लॅट आले, एसी आले, तरी कूलर गेलेला नाही, आणि धनुष्यवाल्याला तो वरदान आहे. खिडकी थोडी उघडी ठेवून चालवला तर खोलीतली आर्द्रता 50-60 टक्क्यांवर राहते. मात्र कामठा कूलरच्या तोंडाशी नको, समोरच्या भिंतीवर आडवा, दोन खुंट्यांवर. एसीच्या खोलीत तेवढी ओल मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये तीर मारायचे ते सकाळी सातच्या आत, आणि ताण नेहमीपेक्षा दोन-तीन इंच कमी. (लेंड्रा पार्कात सराव करू का, असे एका मुलाने विचारले आहे. नको रे बाबा! तिथे लोक फिरायला येतात.)

अंदाजावर राहायचे नसेल तर मापता येते. पट्टी कापताना उरलेला तुकडा घ्या, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, ओटीजीत 100 अंशांच्या थोडे वर ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. समजा 54 ग्रॅमचा 50 झाला. चार ग्रॅम पाणी, भागिले 50, म्हणजे 8 टक्के. घडवायला घ्या. 52 चा 50 झाला तर थांबा. तुकडा पट्टीच्या जवळच पडून राहिलेला हवा, नाहीतर हिशेब फसतो.

यावरून कामठा घडवायचा हंगामही ठरतो: दिवाळी ते होळी. बांबू तोडायचा तोही तेव्हाच. पावसाळ्यात नवे कोंब येतात, तेव्हा बेटाला हात लावत नाहीत. आणि थंडीतल्या बांबूत पिठूळपणा कमी असल्याने भुंगाही कमी लागतो. शेताच्या बांधावरचा बांबू 2017 च्या कायदेबदलानंतर ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून घेणे सोपे झाले आहे. जंगलातल्या बांबूची गोष्ट निराळी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच वनातल्या बांबूचा वाहतूक परवाना हातात पडायला 2011 उजाडले. त्यावर कधीतरी सवडीने.

पावसाळ्याचे उत्तर जंगलपट्टीतल्या घरांकडे जुनेच आहे: चुलीवरचा धूर. वर टांगलेला बांबू उबेने कोरडा राहतो आणि धुराने भुंगा पळतो. आपल्याकडे चूल नाही. झडीत दोरी उतरवून ठेवावी आणि पुस्तके वाचावीत.

आता लेपाचे. बरेच जण जवसाचे तेल चोळतात. जवस आपल्या विदर्भातले, वासही छान, पण हवेतली वाफ त्यातून आरामात आत-बाहेर करते. चपडा त्याहून पुष्कळ चांगला. पळसावर, बोरीवर, कुसुमावर होणाऱ्या लाखेचाच तो, सुतारकामाच्या दुकानात मिळतो. स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचा आणि जुन्या सुती फडक्याने पातळ तीन-चार हात द्यायचे. त्याने पाण्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. सगळ्यात जास्त चपडा दोन्ही टोकांना आणि दोरीच्या खाचांत जिरवा. तंतूंची कापलेली तोंडे तिथेच उघडी असतात आणि पाणी सर्वात आधी तिथूनच जाते.