आधी एसएमपीएस बघू

सकाळी ११. लॅमिंग्टन रोडवर शटर वर जातात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असला, तरी ग्रँट रोडला उतरलेलं गिऱ्हाईक लॅमिंग्टनच विचारतं. माझी जागा दुकानाच्या मागच्या टेबलाशी.

११:३०. डोंबिवलीहून बापलेक आलेत. पोराची कॉम्प्युटरची यादी पक्की: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, बाकी सगळं मॉडेलसकट. एसएमपीएसपुढे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, लिहिलंय, ‘कुठलाही’. घासाघीसही नेमकी तिथूनच सुरू होते.

“कॅबिनेटबरोबर आलेला नाही चालणार का हो?”

“काका, कार्ड ११५ वॉटचं, प्रोसेसर भर लोडवर नव्वदीच्या आत. पंखे, डिस्क धरून अडीचशे. साडेआठशेचा नको, ५५०चा चांगला घ्या. पण फुकटातला नको.”

त्या फुकटातल्या डब्यावर ५०० वॉट ठळक छापलंय. मी त्यांना लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचायला लावतो: १८ अँपिअर. गुणाकार केला की २१६ वॉट. काका मुकाट पाकीट काढतात.

१२:१५. नवा एसएमपीएस आधी एकटाच चालवून बघायचा. प्लग काढलेला असताना २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडायची, मग प्लग लावून बटण. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या, त्यामुळे सोळावी पिन मोजून काढावी लागते. मीटरवर १२ची लाइन ११.४ ते १२.६च्या आत हवी.

१२:४०. कॅबिनेट आडवं. एसएमपीएसचा पंखा खालच्या जाळीकडे, चारही स्क्रू आधी अर्धेच. मग प्रोसेसरची ४+४ पिनची वायर वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून ओढून ठेवतो, बोर्ड बसायच्या आधीच. बोर्ड आणि कूलर बसले की तिथे बोट शिरत नाही. व्हिडिओ बघून घरी जोडणारे नेमके इथे अडतात आणि सगळं पुन्हा उचकटतात. कार्डाची वायरही आठच पिनची, पण ती ६+२ अशी फुटते. खाचा वेगळ्या, अदलाबदल करायला गेलं तर बसत नाही. २४ पिनला मात्र जोर लागतोच. बोर्ड लवताना बघून पोराचा चेहरा उतरतो. खटका टक् करून बसेपर्यंत दाबायचं.

२:००. वडापाव, चहा.

३:००. डिस्प्ले आला. मागच्या वायरी बांधणं हे तासाभराचं कंटाळवाणं काम.

४:३०. एकजण दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर वायरी घेऊन आलाय, “ह्याच लावा ना.” नाही लावणार. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय सोडायचं, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. वायर बसते झकास. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क संपली.

६:००. फोन. “कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून द्या.”

“ताई, प्लगला तिसरी पिन आहे?”

“दोन पिनचा जोड लावलाय.”

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. करंट अगदी किरकोळ, पण टेस्टर पेटतो आणि माणूस घाबरतो. नवा एसएमपीएस घातला तरी तेच होणार. मी त्यांना इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगतो. जुन्या इमारतींतून असे फोन नेहमीचेच.

८:००. बापलेक खोकं उचलतात. रात्री डोंबिवलीहून ‘चालूच होत नाही’ म्हणून फोन आला, तर मी आधी एवढंच विचारणार: मागचं बटण रेघेवर आहे की गोलावर?